बाबांची बीपीची गोळी चालू आहे, सोबत कोलेस्टेरॉलच्या 'नॅचरल' कॅप्सूल चालतील का?

त्रिमूर्तीनगरवाली

नमस्कार मंडळी. बाबा 64 वर्षांचे आहेत, बीपी बारा वर्षांपासून आहे, गोळ्या कधी चुकवत नाहीत, रोज सकाळी अंबाझरीला फिरायला जातात, त्यामुळे तसे ठणठणीत. मागे चेकअप केला तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 172 आला. धंतोलीतल्या डॉक्टरांनी रोसुवास्टॅटिन 10 लिहून दिली, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन जातीची गोळी. ती चिठ्ठी बाबांनी घडी करून पाकिटात ठेवली ती अजून पाकिटातच आहे. का तर व्हॉट्सॅपवर कोणीतरी पाठवलं होतं की स्टॅटिननी लिव्हर जातं, पायाचे स्नायू विरघळतात, आणि एकदा सुरू केली की मरेपर्यंत सुटत नाही.

मग एंट्री झाली फिरायच्या ग्रुपमधल्या एका काकांची. ते कसल्यातरी चेनवाल्या कंपनीचं सामान विकतात, आधी टूथपेस्ट होती, मग प्रोटीन पावडर, आता हे. 60 कॅप्सूलचा डबा 1850 रुपयाला दिला. डब्यावर हिरवं पान, लाल हृदय, आणि मागे लिहिलंय रेड यीस्ट राइस 600 मिग्रॅ, लसणाचा अर्क, को-क्यू-10, नायसिन 14 मिग्रॅ. दिवसातून दोनदा. आज 24 दिवस झाले. बाबा म्हणतात तांदूळ आणि लसूणच तर आहे, त्यात काय व्हायचंय.

बीपी मी घरीच मोजते, 125-130 वर असतं, म्हणजे ते ठीक आहे. मला एवढंच विचारायचंय की बीपीच्या पेशंटला हे असं काही सुरक्षित असतं का, कोणाच्या घरी कोणी घेतलंय का? आणि हो, आठ दिवसांपासून जिना चढताना मांड्या दुखतात म्हणतात, पण "जास्त चाललो असेल" म्हणून सोडून देऊन राहिले.

सक्करदऱ्याचा_भाऊ

ताई कायले टेन्शन घेता. मले बी निघालं होतं कोलेस्टेरॉल, टोटल 240. डॉक्टर तं गोळीच लिहून राहिले सगळ्याईले, गेलं की गोळी. मी गुग्गुळ सुरू केला, सहा महिन्यात 205. आयुर्वेदात हजारो वर्षांपासून आहे बापा, काही साइड इफेक्ट नाही. बाबांना घेऊ द्या.

(खरं सांगायचं तं त्या सहा महिन्यात बायकोनं सावजी बी बंद केलं होतं, म्हणजे घरचं बी अन् बाहेरचं बी. पण मी क्रेडिट गुग्गुळालेच देतो.)

दवाबाजार_गल्ली

ताई, मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. उत्तर द्यायच्या आधी एक गोष्ट सांगा, बाबांच्या बीपीच्या गोळीवर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात जे नाव असतं ते काय आहे? म्हणजे टेल्मिसार्टन, अमलोडिपिन, असं जे काही असेल ते. सगळ्या गोळ्यांचं लिहा, बीपीच्याच नाही, ॲस्पिरिन वगैरे काही असेल तर ते पण. आणि मांड्या दुखतात ते तुम्ही शेवटी "आणि हो" करून लिहिलंय, माझ्या मते तेच पहिल्या ओळीत पाहिजे होतं.

त्रिमूर्तीनगरवाली

पट्ट्या समोर ठेवूनच टाइप करतेय. टेल्मिसार्टन 40 सकाळी. डिल्टियाझेम 90 एसआर दोनदा, ही दोन वर्षांपूर्वी छातीत भरून आल्यासारखं व्हायचं तेव्हा सुरू झाली. ॲस्पिरिन 75 रात्री जेवणानंतर. बस, एवढंच.

दवाबाजार_गल्ली

डिल्टियाझेम. मला तीच भीती होती. आता जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या, काउंटरवर गिऱ्हाईक नाहीये.

आधी रेड यीस्ट राइस म्हणजे काय ते. तांदळावर मोनॅस्कस नावाची बुरशी वाढवतात, तांदूळ लालभडक होतो, चीनमधे जेवणात रंगाला आणि औषधालाही शेकडो वर्षांपासून वापरतात. 1979 मधे जपानच्या अकिरा एंडो यांनी ह्याच मोनॅस्कसमधून मोनाकोलिन के नावाचा पदार्थ वेगळा काढला. दुसऱ्या एका बुरशीतून एका अमेरिकन कंपनीला पण सेम रेणू मिळाला, त्याचं नाव पडलं लोवास्टॅटिन, आणि 1987 मधे अमेरिकेत बाजारात आलेलं ते पहिलं स्टॅटिन. मोनाकोलिन के आणि लोवास्टॅटिन सारखेसारखे नाहीत ताई, एकच आहेत. नाव दोन, वस्तू एक.

म्हणजे तुमचे बाबा स्टॅटिनला घाबरून 24 दिवसांपासून स्टॅटिनच खाऊन राहिले. फक्त किती मिग्रॅ ते कोणालाच माहीत नाही, विकणाऱ्या काकांना पण नाही. डब्यावर 600 लिहिलंय ते तांदळाचं वजन, आतल्या मोनाकोलिनचं नाही. अमेरिकेत 28 ब्रँड तपासले होते, तर दोन ब्रँडमधे काहीच सापडलं नाही आणि बाकीच्यांत सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यात साठ पटीचा फरक होता.

आता डिल्टियाझेम. लोवास्टॅटिनचा निकाल लावायचं काम लिव्हरमधलं एक एन्झाइम करतं, सीवायपी3ए4 म्हणतात त्याला. डिल्टियाझेम ह्याच एन्झाइमचा हात धरून ठेवतं. एका अभ्यासात डिल्टियाझेमसोबत लोवास्टॅटिन दिलं तर रक्तातलं प्रमाण साडेतीन पट झालं. म्हणूनच डिल्टियाझेम किंवा त्याच जातीचं वेरापामिल चालू असेल तर लोवास्टॅटिन दिवसाला 20 मिग्रॅच्या वर देऊ नये असा नियम आहे. आणि स्टॅटिन अंगात जास्त झालं की पहिली तक्रार कुठली? मांड्या, दंड, खांदे. दोन्ही बाजूला सारखं दुखणं, खुर्चीतून उठताना जोर न लागणं.

घाबरवत नाहीये. पण कॅप्सूल आजपासून बंद, आणि उद्याच डॉक्टरकडे, डबा सोबत घेऊन. ते बहुतेक सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची) सांगतील. लघवी चहासारखी काळपट व्हायला लागली किंवा उठवतच नाहीये असं झालं तर उद्याची वाट बघू नका, तसंच रात्रीच घेऊन जा. बीपीच्या गोळ्या आणि ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत, हे बाबांना दोनदा सांगा, कारण लोक रागारागात सगळंच बंद करतात.

लसणाच्या अर्काचं म्हणाल तर ॲस्पिरिनसोबत रक्त पातळ व्हायला भर पडते, दात काढायचा असेल किंवा कुठलं ऑपरेशन असेल तेव्हा ते नडतं. फोडणीतल्या लसणाचं काही नाही, ते खाऊ द्या. नायसिन 14 मिग्रॅ म्हणजे नुसता व्हिटॅमिनचा डोस, शोभेला टाकलंय. कोलेस्टेरॉलवर काही व्हायला ते दीड-दोन ग्रॅम लागतं, आणि तेवढं घेतलं तर तोंड लालबुंद, शुगर वर, बीपीच्या गोळीसोबत चक्कर. 25 हजारांवर लोकांवर करून पाहिलं, 2014 मधे निकाल आला, हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत.

गोकुळपेठ_जुनी

बाप रे. मांड्यांचं वाचून मला आईची आठवण आली. आमच्याकडे वेगळीच गंमत झाली होती, गंमत म्हणजे आता म्हणतेय.

आईला बीपीसाठी क्लोरथॅलिडोन होतं, लघवीवाटे पाणी काढणारी गोळी. मावशीनी एक "हृदयासाठी" काढा आणून दिला, कोलेस्टेरॉल पण उतरतं म्हणून. चवीला गोड, आई म्हणायची किती छान लागतो, दोन झाकणं सकाळी दोन संध्याकाळी. महिन्याभरात बीपी 170 वर गेलं, जे दहा वर्षांत कधी गेलं नव्हतं, पायात गोळे यायला लागले, आणि एक दिवस देवघरातून उठताच येईना. ॲडमिट केलं तर पोटॅशियम 2.7. तिथल्या डॉक्टरबाईंनी बाटली मागवली, लेबल वाचलं आणि एका नावावर बोट ठेवलं. जेष्ठमध. त्यातल्या गोडीचाच तो पदार्थ शरीराला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतो आणि पोटॅशियम बाहेर घालवतो, म्हणजे बीपी वर आणि पोटॅशियम खाली, आणि आईची गोळी आधीच पोटॅशियम काढत होती. दोन्हीकडून मार.

घशासाठी एखादी कांडी चघळली तर काही होत नाही म्हणाल्या त्या, रोज झाकणं मोजून पिणं वेगळं. मी तेव्हापासून कुठलीही बाटली आली की मागचं लेबल वाचते, चष्मा लावून, दुकानातच. दुकानदार वैतागतो.

सक्करदऱ्याचा_भाऊ

आता मलेच भेव वाटून राहिलं. माह्या गुग्गुळाचं काय मग? मी बीपीसाठी प्रोप्रानोलॉल घेतो, हात कापते म्हणून तेच दिलं होतं.

दवाबाजार_गल्ली

भाऊ, तुमचं उलटं प्रकरण आहे. गुग्गुळासोबत प्रोप्रानोलॉल किंवा डिल्टियाझेम घेतलं तर त्या गोळ्या रक्तात कमी पोचतात, हे आपल्याकडेच 1990 च्या दशकात तपासलं गेलंय. म्हणजे ताईंच्या बाबांच्या बाबतीत एका गोळीनं दुसरीचा जोर वाढला, तुमच्या बाबतीत गोळी खाऊन पण अर्धवटच लागू व्हायची. मोजता का बीपी घरी?

आणि गुग्गुळाला मी नावं ठेवत नाहीये. सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या, म्हणजे चरबी वाढण्याच्या आजाराच्या, वर्णनावरून 1966 मधे बनारसला त्याच्यावर प्रबंध झाला, पुढे लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेनं त्याचं औषध काढलं. पण 2003 मधे अमेरिकेत नीट दोन गट करून पाहिलं तर गुग्गुळवाल्यांचा एलडीएल उतरायच्या ऐवजी थोडा वरच गेला, आणि काही जणांच्या अंगावर पुरळ आलं. तुमचं 240 चं 205 सावजी बंद झाल्यामुळं झालं असेल असं वहिनींना सांगा, खूश होतील.

सक्करदऱ्याचा_भाऊ

तिले सांगितलं तं परत बंद करन.

बीपी नाही मोजत. मशीन आहे, सेल नाहीत.

आयटीपार्क_रात्रपाळी

फार्मासिस्ट साहेब, एक शंका. 2022 मधे क्लीव्हलँड क्लिनिकवाल्यांनी एक ट्रायल केली होती, साधारण 190 लोक, 28 दिवस, एका गटाला रोसुवास्टॅटिन 5 मिग्रॅ, बाकीच्यांना फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, प्लांट स्टेरॉल, रेड यीस्ट राइस असं एकेक, आणि एका गटाला नुसती खोटी गोळी. रोसुवास्टॅटिनवाल्यांचा एलडीएल 38 टक्के उतरला, सप्लिमेंटवाले सगळे खोट्या गोळीच्याच लाइनीत, लसणाचा तर उलट वाढला. मग रेड यीस्ट राइसमधे स्टॅटिन आहे म्हणता तर त्या ट्रायलमधे ते का नाही चाललं?

दवाबाजार_गल्ली

चांगला प्रश्न. कारण तेच, डब्यात किती आहे ते नशिबावर. एका डब्यात नुसता लाल तांदूळ, दुसऱ्यात गोळीइतकं औषध. युरोपात 2022 मधे कायदाच केला की सप्लिमेंटमधे रोजचा मोनाकोलिनचा डोस 3 मिग्रॅच्या आत पाहिजे आणि वर इशारा छापायचा. शिवाय आंबवताना बिघडलं तर सिट्रिनिन नावाचं विष तयार होतं, ते किडनीवर जातं. 2024 च्या मार्चमधे जपानमधे असल्याच लाल तांदळाच्या गोळ्या बाजारातून परत मागवल्या, शेकडो लोकांना किडनीचा त्रास होऊन भरती व्हावं लागलं, तिथं तर आणखी तिसऱ्याच बुरशीचं विष शिरलं होतं. बीपीवाल्याची किडनी आधीच ताणाखाली असते, त्यात हे.

आपल्याकडे असल्या डब्यांवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, 14 आकडी नंबर असतो, म्हणजे कायद्यानं ते खाद्य आहे, औषध नाही. डब्यावर कुठंतरी बारीक अक्षरात छापलेलं असतं की औषधी वापरासाठी नाही. ताई, बघा जरा आहे का.

त्रिमूर्तीनगरवाली

आहे. बारकोडच्या खाली. मुंगीएवढ्या अक्षरात. मोबाइलचा टॉर्च लावून वाचलं, बाबांना पण वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, डबा घेऊन फ्रिजवर ठेवला. उद्या साडेअकराची अपॉइंटमेंट घेतलीये.

एक विचारू, मग घरगुती काही आहे का जे खरंच चालतं? कारण बाबा म्हणणार की सगळंच बंद करता, मग खाऊ काय.

गोकुळपेठ_जुनी

इसबगोल आणि जवस. आमच्या घरी हेच चालू आहे, आणि दोन्हीला डॉक्टरांची ना नाही.

जवसाची चटणी तर आपल्या विदर्भाची आहे, पण तिच्यात मीठ हात राखून घाला, कारण आपण चटणी करतो म्हणजे मिठाचा डोंगर करतो आणि मग तीच बीपीवाल्याला वाढतो. मी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजते, गार झाले की थोडं जिरं, लाल तिखट, दोन पाकळ्या लसूण, मीठ नावाला, आणि जाडसरच वाटते, फार बारीक केलं की तेल सुटून गोळा होतो. अख्खे जवस गिळून उपयोग नाही, जसेच्या तसे बाहेर पडतात. आठवड्यापुरतीच करायची, नाहीतर खवट होते. कॅनडात रोज 30 ग्रॅम जवसाचं पीठ सहा महिने देऊन पाहिलं होतं, पायाच्या रक्तवाहिन्या आक्रसलेल्या पेशंटना, त्यात वरचं बीपी चांगलं दहानं कमी राहिलं. म्हणजे इथं पण बीपी मोजतच राहायचं, उतरलं तर डॉक्टरांना सांगायचं.

दवाबाजार_गल्ली

सहमत. इसबगोल रोज दहा ग्रॅमच्या आसपास घेतला तर एलडीएल साधारण सात टक्के उतरतो. जादू नाहीये, 172 चा 160 होईल, 100 नाही होणार. दोन गोष्टी सांभाळा. भरपूर पाण्यासोबत घ्यायचा, आणि बाकी गोळ्यांच्या दोन तास मागे-पुढे, नाहीतर तो गोळ्यांना पण लपेटून घेतो. आणि साधा भुसाच घ्या. ते संत्र्याच्या चवीचं फसफसणारं पाकीट असतं ना, त्यात फेस यायला सोडा टाकलेला असतो, सोडा म्हणजे सोडियम. बीपीवाला मीठ सोडतो आणि रोज पाकिटातून सोडा पितो, असं मी रोज काउंटरवर बघतो. आपल्या नागपुरात संत्र्याची चव म्हटली की विषय संपला.

त्रिमूर्तीनगरवाली

अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा, महिन्याच्या वर झालं. घरात लग्न होतं.

तर त्या दिवशी डॉक्टरांनी डबा हातात घेतला, मागचं वाचलं, डिल्टियाझेमची पट्टी बाजूला ठेवली आणि बाबांकडे बघून म्हणाले, काका मी दिलेलं स्टॅटिन नको म्हणालात आणि हे पैसे देऊन घेतलंत होय? सीपीके 690 आला, नॉर्मल दोनशेच्या आत पाहिजे. क्रिएटिनिन ठीक होतं, लघवी ठीक, म्हणाले वेळेवर आलात. आणि मजा म्हणजे एलडीएल 128 आला होता. बाबा तिथंच खुर्चीत सरसावून बसले, "बघा, उतरलं ना!" डॉक्टर म्हणाले उतरणारच, औषधच आहे ते, फक्त माप नसलेलं.

कॅप्सूल बंद केल्यावर आठवड्यात जिन्याचं दुखणं गेलं. अठरा दिवसांनी सीपीके 150. मग रोसुवास्टॅटिन सुरू केली, पण 10 नाही, 5 पासून. मी विचारलं की ही पण डिल्टियाझेमसोबत भांडणार नाही का, तर म्हणाले हिचा रस्ता वेगळा आहे, त्या एन्झाइमवर अवलंबून नाही म्हणूनच हीच लिहिली होती पहिल्यांदा. बाबांना पहिले तीन दिवस परत मांड्या दुखल्यासारखं वाटलं. फोन केला तर डॉक्टर म्हणाले गोळी चालू ठेवा, सीपीके करा. केलं, 140. दुसऱ्या दिवसापासून दुखणं बंद.

आयटीपार्क_रात्रपाळी

क्लासिक. इंग्लंडमधे 60 लोकांवर केलं होतं, स्टॅटिननी त्रास होतो म्हणून ज्यांनी सोडली होती त्यांनाच काही महिने स्टॅटिन, काही महिने खोटी गोळी, काही महिने काहीच नाही. जो त्रास होत होता त्याचा नव्वद टक्के खोट्या गोळीनं पण होत होता. अर्थात काकांचा पहिला त्रास खरा होता, 690 काही मनाचे खेळ नव्हेत.

सक्करदऱ्याचा_भाऊ

ताई मी सेल आणले. 158-96 निघालं. गुग्गुळ बंद केला, उद्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवून राहिलो. बायको म्हणते सावजी पण बंद.

गोकुळपेठ_जुनी

भाऊ, पाच मिनिटं शांत बसून परत मोजा, पाठ टेकवून, हात टेबलावर. जिना चढून आल्या आल्या मोजलं असेल तर धरू नका. पण दाखवायला जाच.

त्रिमूर्तीनगरवाली

वॉकवाल्या काकांचं राहिलंच सांगायचं. बाबा डबा परत करायला घेऊन गेले, बारा कॅप्सूल उरल्या होत्या. काका म्हणाले फोडलेला डबा कंपनी घेत नाही, पण तुम्हाला म्हणून एक शाम्पू देतो फ्री. बाबा शाम्पू घेऊन घरी आले. आता तो पण फ्रिजवर आहे, आई म्हणते आधी लेबल वाच.